रोज दीड तास गप्प

उंदरांना आठवड्याचे वार कळतात, असं कुशल वट्टमवारला सोमवारी सकाळी दहा वाजता जाहीर करायचं होतं.

ऐकायला जग येणार नव्हतं, चारच माणसं येणार होती. पण त्या चौघांनी माना डोलावल्या असत्या तर पुढे जगाचं बघता आलं असतं. कुशल मूळचा देगलूरचा. गेली चार वर्षं तो चेन्नईत, सिरुसेरीच्या आयटी पार्कच्या मागे असलेल्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होता. विषय होता, उंदराच्या मेंदूत अपस्मार तयार कसा होतो. देगलूरला हे सांगताना त्याचे वडील थोडं संपादन करत. "आमचा कुशल मेंदूचा डॉक्टर आहे," एवढंच ते म्हणत आणि पेशंटबद्दलचा प्रश्न यायच्या आत चहा मागवत.

खरं तर विषय सांगायला सोपा होता. धडधाकट उंदराला भुलीखाली एका औषधाचा बारीकसा थेंब मेंदूत द्यायचा. त्याने मोठा झटका येतो. तो तासाभरात दुसऱ्या औषधाने थांबवायचा. त्यानंतर खरी गंमत सुरू होते, म्हणजे काहीच सुरू होत नाही. दोन-तीन आठवडे उंदीर खातो, पितो, मिशा पुसतो, झोपतो. बघणाऱ्याला वाटतं, सुटला बिचारा. आत मात्र आठवणी सांभाळणाऱ्या भागात वेगळंच चाललेलं असतं. समजा एखाद्या फ्लॅट असोसिएशनमधली "जाऊ द्या हो" म्हणणारी समंजस माणसं एकेक करून घर सोडून गेली. उरलेल्यांकडे एकमेकांचे नंबर नाहीत, म्हणून ती स्वतःलाच फोन लावू लागली, आणि स्वतःचं म्हणणं स्वतःला पटून दुप्पट चिडू लागली. पेशींचं तसंच होतं. ब्रेक लावणाऱ्या मरतात. उरलेल्यांना नवे फाटे फुटतात आणि ते वळून आपल्याच गटाला येऊन चिकटतात. बाहेरून बिल्डिंग शांत. मग एके दिवशी, कोणी काही न बोलता, कोणी बेलही न वाजवता, सगळी बिल्डिंग एकदम ओरडायला लागते. तो पहिला आपोआप आलेला झटका. तो आला की उंदराला अपस्मार झाला असं धरायचं.

यात 'आपोआप' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. कुशलने प्रबंधात तो आतापर्यंत दोनशे चौदा वेळा लिहिला होता.

त्याच्याकडे सोळा उंदीर होते. दहांना औषध दिलेलं, सहांना नुसतं मिठाचं पाणी, म्हणजे तुलनेला काहीतरी असावं. प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक तारांची टोपी, समोर कॅमेरा. मशीन दुसऱ्या एका प्रयोगशाळेबरोबर वाटून घेतलेलं, त्यामुळे सकाळी सात ते संध्याकाळी सहा एवढाच वेळ कुशलचा. मेंदूतल्या लाटा उसळल्या की कॉम्प्युटर तेवढाच तुकडा कापून ठेवायचा, आणि कुशल दुसऱ्या मजल्यावर एसीत बसून ते तुकडे बघायचा. तीन आठवड्यांत असे एकशे सदतीस झटके जमले होते. औषधवाल्या दहाही उंदरांना आले, पाण्याच्या सहांना एकही नाही. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे होतं.

मग त्याने ते झटके वारांप्रमाणे लावून पाहिले आणि खुर्चीत सरळ बसला.

रोज दीड तास असा होता की दहांपैकी एकाही उंदराला झटका येत नव्हता. आणि तो दीड तास दर वाराला वेगळा होता. सोमवारी साडेसात ते नऊ. मंगळवारी तीन ते साडेचार. बुधवारी बारा ते दीड. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. मिनिटाचीही गडबड नाही. दिवसाचं घड्याळ मेंदूत असतं हे सगळ्यांना माहीत होतं. आठवड्याचं घड्याळ कोणीच पाहिलं नव्हतं. कुशलने त्या दीड तासाला 'भटकती शांतता' असं नाव दिलं आणि नावाच्या प्रेमात पडला.

तो बेफिकीर मुलगा नव्हता. त्याने एसीची वेळापत्रकं तपासली, लिफ्टची दुरुस्ती, जनरेटर, शेजारच्या बांधकामावरचं ड्रिलिंग, सगळं तपासलं. उंदरांच्या खोलीचं रजिस्टरही आणून पाहिलं. प्रवेशाची वेळ: ९.००. रोज एकदा. एकवीस दिवस, एकवीस वेळा नऊ, खाली चंद्रमौळी राव यांची सही. माणसाकडून गडबड झालेली नाही याची खात्री पटल्यावर त्याने सारं श्रेय उंदरांना देऊन टाकलं.

त्याला घाईही होती. फेलोशिपची मुदत महिनाअखेर संपत होती. वर्षभर वाढवून मिळायची तर समितीची मान्यता हवी, आणि समितीला एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे या मुलाच्या उंदरांना खरोखर अपस्मार झालाय का. नसेल तर चार वर्षं गुंडाळून देगलूरची बस धरायची आणि वडिलांच्या 'मेंदूचा डॉक्टर' या वाक्यातला एकेक शब्द खोडत बसायचं.

*

समितीत त्याच्या गाइड विजयलक्ष्मी मॅडम होत्या, संख्याशास्त्राचे नारायणस्वामी सर होते, आणि आणखी दोन प्राध्यापक होते, त्यातला एक मोबाइल बघत होता. चौघेही जन्माने-कर्माने चेन्नईचे.

कुशलने सोमवारची पट्टी दाखवली. मंगळवारची दाखवली. बुधवारच्या पट्टीला नारायणस्वामी सरांनी चष्मा काढून पुसला. गुरुवारी, दीड ते तीन, मॅडमनी पेनचं टोपण लावलं. शुक्रवारी, साडेदहा ते बारा, मोबाइलवाल्या प्राध्यापकांनी मान वर केली. कुशलला भरून आलं. चार वर्षांत त्याच्या कुठल्याच स्लाइडला इतकं लक्ष मिळालं नव्हतं.

शनिवारनंतर तो थांबला. रविवारची पट्टी त्याने मुद्दाम झाकून ठेवली होती, जरा नाट्य असावं म्हणून.

"आणि रविवारी," तो म्हणाला, "ही शांतता येते बरोबर..."

"साडेचार ते सहा," तिघंजण एकदम म्हणाले.

कुशलने बटण दाबलं. साडेचार ते सहा.

 आपल्या आधी कोणीतरी हे प्रसिद्ध करून मोकळं झालंय, या भीतीने संशोधक आयुष्यभर अर्धवट झोपतात.

"सर, हे कुठे छापून आलंय का?"

"आलंय," नारायणस्वामी सर म्हणाले. "माझ्या स्वयंपाकघरात, गॅसच्या वर. रोज एक पान फाडतो आम्ही."

"राहुकाळ आहे हा, कुशल," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, पेशंटच्या घरच्या माणसाला डॉक्टर सांगतात तशा.

कुशलला राहुकाळ माहीत नव्हता असं नाही. देगलूरच्या घरीही कॅलेंडर होतं आणि त्यात कोपऱ्यात, मुंगीच्या टायपात, राहुकाळाचा अशुभ दीड तास होता. पण त्या कोपऱ्यात दुधाचा हिशेब लिहीत. राहुकाळ ही वाचायची गोष्ट आहे आणि माणसं रोज उठून त्याच्या आजूबाजूने दिवस लावतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याची ही बैठकसुद्धा साडेआठची दहावर का गेली होती, ते त्याला आत्ता कळलं.

"म्हणजे उंदीर पंचांग बघतात?" मोबाइलवाल्या प्राध्यापकांनी आशेने विचारलं.

"उंदीर नाही," सर म्हणाले. "उंदरांकडे जाणारा माणूस. खाली कोण असतं?"

"चंद्रमौळी," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

पुढचं नारायणस्वामी सरांनी फळ्यावर न जाता, बसूनच सांगितलं. माणूस आत गेला की उंदीर दचकतात, दचकले की झटका येतो. राहुकाळात तो जात नाही, म्हणून झटका येत नाही. तीन आठवड्यांत एकशे सदतीस झटके, आणि माणूस नसतानाच्या वेळेत शून्य. "मग तम्बी, बाळा, तुझ्या प्रबंधात तो शब्द आहे ना, आपोआप. त्यातला आपोआप आलेला झटका कुठला, तेवढा एक दाखव."

कुशलने स्क्रीनकडे पाहिलं. तिथे सात रंगांच्या सुंदर पट्ट्या होत्या.

"पाण्यावाले सहा पण दचकत असतील," मॅडम त्याच्या मदतीला आल्या. "त्यांना एकही झटका नाही. म्हणजे या दहांचा मेंदू बदललाय, हे नक्की."

"बदललाय. पण हा आजार आहे की नुसता भित्रेपणा? माझी सासू दाराच्या बेलला दचकते. तिला आपण अपस्मार म्हणत नाही."

शेवटी ठरलं ते असं. बुधवारपासून दहा दिवस उंदरांच्या खोलीत दिवसातून एकदाच, नऊ वाजता, माणूस जाईल. वजन, खाणं, पाणी, दहा मिनिटांत बाहेर. त्यानंतर संध्याकाळी सहापर्यंत कोणीही नाही. त्या वेळात एक जरी झटका आला तर मुदत वाढेल. नाही आला तर नाही.

*

चंद्रमौळी राव उंदीरघराच्या दारात स्टुलावर बसून डब्यातला दहीभात संपवत होते. वय अठ्ठावन्न. घराणं तंजावूरचं, तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून आलेलं. वडिलांच्या नोकरीमुळे चेन्नईत. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कुशलला वाटलं होतं, कोणीतरी जुनी बखर तमिळ चालीत म्हणून दाखवतंय. चंद्रमौळींना कुशलची मराठी ऐकून वाटलं होतं की या मुलाला लहानपणी कोणी शिकवलं नाही.

"अण्णा, तुम्ही दिवसातून किती वेळा आत जाता?"

"कोठें?"

"उंदरांकडे."

"रजिस्टरांत आहे की. नऊ."

"रजिस्टर पाहिलं मी. खरं सांगा."

चंद्रमौळींनी डब्याचं झाकण लावलं. "सातला आल्यावर एकदां बघतों. नऊला वजन. मग पाणी बघून येतों. मग तें पाणी बरोबर बघितलें की नाहीं तें बघून येतों. जेवायच्या आधीं एकदां. जेवून झाल्यावर एकदां, तीं जेवलीं की नाहीं म्हणून. अकरा नंबराचें नाक वाहतें, तिज विचारून येतों. बारा-तेरा वेळां होईल."

"उंदराला काय विचारता?"

"नाक कसें आहे म्हणून."

"आणि राहुकाळात?"

तुम्ही अंघोळ करता का, असं कोणी विचारल्यावर माणूस बघेल तसं त्यांनी पाहिलं. "राहुकाळांत कोण जाईल, कुशलराव? बारा वर्षांमागें एक पोरगा राहुकाळांत वीस उंदरांस सुई दिला. अस्कि गेलीं. सगळीं."

"वीसच्या वीस?"

"एकोणीस. एक पळालें."

"मग रजिस्टरात तेरा वेळा का लिहिलं नाहीत?"

"त्या कागदावर रकाना एकच आहे, त्यांत नऊ आधींच छापलेलें. तेरा कोठें लिहूं, समासांत?"

कुशलला रागावायचं होतं. पण रागावायचं तर आपण स्वतः उंदरांच्या खोलीत शेवटचं कधी गेलो होतो हे आठवावं लागलं असतं, आणि ते त्याला आठवत नव्हतं. आत जायचं म्हणजे गाऊन, टोपी, पायात पिशव्या, बाहेर आल्यावर पुन्हा अंघोळ. वर एसी होता. चार वर्षं त्याने उंदीर जास्त करून वीस-वीस सेकंदांच्या तुकड्यांत पाहिले होते, आणि त्या तुकड्यांत दार कधी दिसत नसे.

त्याने समितीचा निकाल सांगितला. चंद्रमौळी डब्याच्या झाकणाची कडी तेवढी उघडबंद करत राहिले.

"म्हणजे मी आंत जातों म्हणून त्यांस फीट येते?"

"बहुतेक."

"आणि मी जातों तें त्यांस बरें आहे ना हें बघायास."

"हो."

"हें कोणीं मज आधीं सांगायास नको होतें?"

कुशलने दोघांसाठी कॉफी आणली.

*

दहा दिवसांच्या नियमाला पहिली अडचण चौथ्या दिवशी येणार होती. शनिवारी राहुकाळ नऊ ते साडेदहा. चंद्रमौळींनी शांतपणे सांगितलं की शनिवारी नऊला ते आत जाणार नाहीत. कुशलराव गेले तरी चालेल, पण मग उंदीर त्यांची जबाबदारी. कुशलने मॅडमना फोन केला. मॅडम, ज्यांचे मेंदूवरचे त्रेपन्न निबंध प्रसिद्ध झाले होते, क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "शनिवारी साडेदहा कर."

उंदरांच्या खोलीला लागून काचेच्या खिडकीची एक छोटी खोली होती. कुशलने मॉनिटर तिथे आणून ठेवला. काच अशी होती की इकडून तिकडचं दिसे, तिकडून इकडचं नाही. चंद्रमौळींना आता दिवसभर काही काम नव्हतं, म्हणून तेही स्टूल घेऊन येऊन बसले.

पहिल्या दिवशी नऊला ते वजनं करून बाहेर आले आणि पाच मिनिटांत दोन उंदरांना झटके आले. ते त्यांनी काचेतून पाहिले. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःचे हात पाठीमागे नेले. मग दिवसभर काही नाही. दुसरा दिवस, काही नाही. तिसरा, चौथा, पाचवा. रोज सकाळी वजनानंतर एखाद-दुसरा, आणि मग सहा वाजेपर्यंत सोळाच्या सोळा उंदीर इतके सुखात असत की बघून चीड यावी. एकदा सात नंबर पाठीवर पडून झोपला. कुशलने आयुष्यात कोणाचाही एवढा द्वेष केला नव्हता.

"काय मागतां हो तुम्ही मनांत?" सहाव्या दिवशी चंद्रमौळींनी विचारलं.

"मी कुठे काय मागतोय?"

"ओठ हलतात तुमचे."

"एक येऊ दे म्हणतोय. एकच. छोटासा."

"हां. मी येऊं नये म्हणतों." ते जरा थांबले. "पण तुम्ही जाऊं नये असेंही म्हणतों. देवास घोटाळा होत असेल."

"मी गेलो तर नवीन कोणी येईल की."

"नवीन येईल तो तमिळ बोलेल, नाहीं तर इंग्लिश. आमच्या घरीं पोरें मराठींत फक्त जेवायास बोलावतात. तुमची मराठी वाईट आहे, पण आहे."

आठव्या दिवशी वडिलांचा फोन आला. उंदरांचं कसं चाललंय, त्यांनी विचारलं. कुशल म्हणाला, तब्येत उत्तम आहे. वडील म्हणाले, मग छानच की. छान नाही हे समजावून सांगायला अपस्मारापासून सुरुवात करावी लागली असती, म्हणून त्याने फोन ठेवला.

नवव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला कुशल उठून खोलीच्या दारापाशी गेला. हातात चंद्रमौळींचा स्टीलचा डबा होता. तो तिथेच उभा राहिला.

हा डबा हातातून निसटला तर फरशीवर चांगला आवाज होईल. दार पातळ आहे. कॅमेऱ्याला कान नाहीत. आत कोणी गेलेलं नसेल, रजिस्टर कोरं राहील, आणि स्क्रीनवर एक झटका येईल. जगातल्या कुठल्याही समितीला डब्याचा आवाज दिसत नाही.

चंद्रमौळी त्याच्याकडे बघत होते. मग ते स्टुलावरून उठले.

"मी कॉफी आणायास जातों," ते म्हणाले. "येईतोंवर दहा मिनिटें तर लागतील. डबा जुना आहे, पोंचा पडला तरी चालेल."

ते गेले. कुशल दहा मिनिटं तिथे उभा होता. कॉफी घेऊन चंद्रमौळी परत आले तेव्हा त्याने डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता, बाळ धरावं तसा.

"झालें?"

"नाही. चुकून पडेल म्हणून भीती वाटत होती."

चंद्रमौळींनी डबा त्याच्या हातातून हलकेच काढून घेतला आणि रुमालात गुंडाळून ठेवला.

*

शेवटचा दिवस शुक्रवार. नऊला वजनं झाली, सव्वानऊला चार नंबरला एक झटका आला, तो वजनाच्या खात्यात गेला. साडेदहाला राहुकाळ लागला. म्हणजे एरवीही ज्या वेळेत कधीच काही झालेलं नव्हतं, ती वेळ सुरू झाली. कुशल मनातल्या मनात पुस्तकं खोक्यात भरत होता. कुठलं पुस्तक कोणाला द्यायचं हेही त्याने ठरवलं होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी अकरा नंबरची उंदरीण खाता खाता थांबली.

तिच्या खाण्याची बशी समोर होती, पाण्यात भिजवलेला मऊ लगदा. ती काही न खाता नुसतं तोंड हलवत राहिली. मग मान डोलू लागली. कुशलने मॉनिटरकडे पाहिलं. तिच्या नावाच्या ओळीत आतापर्यंत गवतासारखी दिसणारी रेघ कंगव्यासारखी उभी झाली होती. मग एक पुढचा पाय थरथरला. मग ती दोन पायांवर उभी राहिली, जणू दारावर कोण आलंय ते बघायला. दारावर कोणी नव्हतं. खोलीत दोन तास माणसाची सावली पडली नव्हती. बाहेर कोणी खोकलंही नव्हतं. ती एका कुशीवर पडली आणि चारी पाय झाडू लागली.

"आपोआप," कुशल म्हणाला. 

बेचाळीस सेकंदं झाली. रेघ एकदम सपाट झाली. झटका संपला की होते तशीच. चार वर्षं तो याच बेचाळीस सेकंदांची वाट बघत होता. आता उड्या माराव्यात, की मॅडमना फोन करावा, की आधी पाणी प्यावं, हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात शेजारचं स्टूल सरकलं.

"नाक बुडलें," चंद्रमौळी म्हणाले.

कुशलने पाहिलं. ती पडली होती ती तोंड लगद्याच्या बशीत. झटक्यानंतर उंदराला अर्धा-एक मिनिट शुद्ध नसते. नाक आधीच वाहणारं.

चंद्रमौळींनी गाऊनची एक बाही घातली होती. दुसरी घालत बसले नाहीत.

"अण्णा, राहुकाळ आहे," कुशल म्हणाला. हे आपणच म्हणतोय हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

"ठाऊक आहे," चंद्रमौळी म्हणाले, आणि दार उघडून आत गेले.

काचेतून कुशलला सगळं दिसलं. दार उघडताच तीन नंबर डोलू लागला. दोन पावलांनंतर सात नंबर पडला. पिंजऱ्याचं झाकण उचललं तेव्हा नऊ नंबर उभा राहिला होता. मॉनिटरवर तीन कंगवे एकाखाली एक. आणि पाण्यावाले सहा उंदीर आपापल्या कोपऱ्यात, एवढं काय झालं, अशा चेहऱ्याने मिशा पुसत होते. चंद्रमौळींनी अकरा नंबरला तळहातावर घेतलं, बोटाने नाकावरचा लगदा पुसला. तिचं पोट हललं. मग पुन्हा हललं.

कुशलने फोन लावला. "मॅडम, आला. अकरा नंबरला. दोन तास आत कोणी नव्हतं. बेचाळीस सेकंदं, सगळं रेकॉर्ड झालंय."

"छान," मॅडम म्हणाल्या. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. "आता संध्याकाळपर्यंत कोणी आत जाऊ नका."

"अण्णा आत आहेत."

"कोण?"

"चंद्रमौळी अण्णा. तिचं नाक बुडत होतं, म्हणून गेले. ते गेल्यावर आणखी तिघांना झटके आले."



"कुशल, आज शुक्रवार आहे."

"हो मॅडम."

"अकरा वाजून गेलेत."

"हो मॅडम."

"आणि चंद्रमौळी आत गेले म्हणतोस."

"एका बाहीत."

"मी खाली येते," त्या म्हणाल्या. तीन मिनिटांत आल्या. लिफ्टची वाट पाहिली नसावी. आल्यावर त्यांनी आधी मॉनिटर पाहिला नाही, काचेतून आत पाहिलं. मग तुकडा मागे नेऊन बघितला. एक आपोआप आलेला झटका, त्यानंतर दार, त्यानंतर दचकून आलेले तीन, आणि पाण्यावाल्यांच्या सहा सरळ रेघा, सगळं चार मिनिटांत आणि एकाच पडद्यावर. त्यांनी तो पुन्हा मागे नेला.

"मुद्दाम असं कोणी मांडूनही दाखवू शकलं नसतं," त्या म्हणाल्या. "मुदतवाढीचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. दुपारी घेऊन जा. नारायणस्वामींना मी सांगते. ते आधी आत कोण गेलं ते विचारतील, म्हणून हा तुकडा पेनड्राइव्हवर दे."

कुशल हो म्हणाला. त्याला खाली बसावंसं वाटत होतं, पण स्टूल चंद्रमौळींचं होतं.

आत चंद्रमौळी बाहेर यायला वळले.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "त्यांना सांग, हलू नका. ते आत आहेत म्हणून झटके येतात की हालतात म्हणून, हे कुठे आपल्याला माहीत आहे? उभे राहू देत तसेच."

कुशलने दाराच्या फटीतून हळूच हात आत घालून थांबायची खूण केली. चंद्रमौळी होते तिथे थिजले, एक बाही घातलेली, एक लोंबत, तळहातावर अकरा नंबर. ती आता उठून बसली होती आणि त्यांच्या अंगठ्याचा वास घेत होती. सोळा पिंजरे गप्प होते.

चंद्रमौळींनी भुवया उंचावून विचारलं, किती वेळ?

कुशलने मागे मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी सांगितलं, वीस मिनिटं. कुशलने फटीतून पाची बोटं चारदा दाखवली. चंद्रमौळींनी ती मोजली, मान एवढीशी हलवली, आणि उंदरिणीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात तिला काहीतरी विचारलं.